तसं काही नाही

एखादी गोष्ट आपल्याला आवडते, असं आमच्या मामाने आजवर कबूल केलेलं नाही. हापूस 'बरा' असतो, गावसकर 'ठीक खेळायचा', मामीच्या हातची पुरणपोळी 'खाण्यासारखी' होते. लग्नाला दोनतीन वर्षं झाल्यावर मामीने एकदा धीर करून विचारलं होतं म्हणे, "अहो, मी आवडते ना तुम्हाला?" मामाने पेपरातून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "रेशनकार्डावर नाव चढलंय की आता तुझं." हा किस्सा मामी अजून सांगते. सांगताना तिच्या चेहऱ्यावर तक्रार नसते, हे मात्र आम्हा भाचरांच्या फार उशिरा लक्षात आलं.

तर अशा या माणसाचं एक गाणं होतं. तेही इंग्रजी.

मामा बॅलार्ड पिअरला एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. ऑफिसात बांद्र्याहून येणारा एक सहकारी होता, त्याच्याकडे तबकड्यांचा साठा. त्याच्या नादाने मामाने १९८४ च्या सुमारास डोंबिवलीला स्टेशनजवळच्या दुकानातून एक कॅसेट भरून घेतली. तेव्हा तसंच असे. कागदावर यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायची. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. दुकानदाराने निळ्या बॉलपेनने कव्हरावर गाण्यांची नावं लिहिली होती आणि पहिल्या बाजूच्या शेवटच्या ओळीत होतं: 'नॉट इन लव्ह – १० सी. सी.' आजीने चष्मा लावून ते वाचलं आणि काळजीने विचारलं, "कसलं रे इंजेक्शन?" तेव्हापासून आमच्या घरात ते गाणं 'इंजेक्शनवालं' झालं.

'आय ॲम नॉट इन लव्ह', टेन सीसी नावाचा इंग्लंडचा बँड, १९७५. गाणं सहा मिनिटांचं. दुकानदाराने हिशोब केला नसावा, किंवा केला असेल आणि म्हटलं असेल, चालतंय. गाणं निम्म्यावर यायचं, सगळे सूर मंद व्हायचे, एक बाई कुजबुजत्या आवाजात सांगू लागायची, गप्प राहा, मोठी मुलं रडत नाहीत... आणि खट्. बाजू संपली. टेपरेकॉर्डरचं बटण वर. मामा उठायचा, कॅसेट काढून उलटी करून घालायचा. कित्येक वर्षं मला वाटत होतं की गाणं तिथेच संपतं. एक माणूस तीन मिनिटं 'माझं तुझ्यावर प्रेमबिम काही नाही' म्हणून घसा कोरडा करतो, मग एक बाई त्याला गप्प राहायला सांगते आणि तो गप्प होतो. मला ते फार योग्य वाटायचं. आमच्या घरातही असंच व्हायचं.

गाण्यातले शब्द कळायला लागले ते कॉलेजात. मोठा नमुनेदार माणूस आहे तो. मी प्रेमात नाही, हा आपला एक वेडा टप्पा चाललाय, जाईल. फोन केला म्हणून लगेच गाजावाजा करू नकोस, मैत्रिणींना सांगत सुटू नकोस. तुला भेटायला आवडतं, पण म्हणून तू माझ्यासाठी फार कोणी आहेस असं समजू नकोस. आणि तुझा फोटो भिंतीवर आहे ना, तो डाग झाकायला लावलाय. परत मागू नकोस.

आपल्याकडे या सगळ्या गाण्याला तीन शब्द पुरतात. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना काकूने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "काय गं, तो सारखा येतो तो कोण?" की जे उत्तर येतं ते. तसं काही नाही. आणि हे ऐकल्यावर काकू नारळ आणायचाच काय तो बाकी ठेवते.

ते गाणं असं का आहे, याची हकिकत मला पुढे कळली आणि मामाची आठवण होऊन हसू आलं. एरिक स्टुअर्ट हा टेन सीसीतला एक. त्याच्या बायकोने त्याला विचारलं होतं, माझ्यावर प्रेम आहे असं तू जास्त वेळा का म्हणत नाहीस? त्याचं म्हणणं पडलं की सारखं म्हणत राहिलो तर त्या शब्दांना काही अर्थ उरणार नाही. मग ते न म्हणता कसं म्हणायचं, तर उलटं म्हणायचं, आणि त्या 'नाही'च्या आत सगळे 'हो' भरायचे. गाणं त्याने आणि ग्रॅहम गोल्डमनने मिळून लिहिलं. फोटोखालचा डागही खरा. आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीतली भिंत खराब झालेली, त्यावर त्याने तिचाच फोटो लावला होता. म्हणजे मँचेस्टरच्या बाजूलाही ड्राफ्ट्समन असतात.

हे चौघे स्टुअर्ट, गोल्डमन, केविन गॉडली आणि लोल क्रीम. गाव स्टॉकपोर्ट, मँचेस्टरला खेटून असलेलं, एकेकाळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथे वॉटर्लू रोडवर त्यांचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. लंडनला न जाता आपल्या गावात आपली भट्टी लावून बसलेली माणसं. स्टुडिओ जवळपास घरचाच असल्यामुळे घड्याळाकडे बघत तासाचे पैसे मोजायची गरज नव्हती, आणि पुढे जे झालं ते त्याशिवाय झालंच नसतं.

गाणं आधी बोसा नोव्हाच्या ठेक्यावर बसवलं होतं. तो ब्राझीलचा झुलता ठेका. गॉडलीला ते अजिबात पटलं नाही आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. गाणं बाजूला पडलं, ध्वनिमुद्रणही पुसून टाकलं. पण स्टुडिओतली माणसं जाता-येता तीच चाल गुणगुणायला लागली. लादी पुसताना एखादं गाणं तोंडात बसतं तसं. पुसलेलं गाणं लोकांच्या तोंडात शिल्लक राहिलं, तेव्हा त्यांनी ते परत काढलं. मग त्याच गॉडलीने सुचवलं, करायचंच असेल तर वाद्यं बाजूला ठेवा आणि नुसत्या आवाजांनी करू. ज्याला आवडलं नव्हतं त्यानेच उपाय सांगितला. मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

आता नुसते आवाज म्हणजे काय, तर हे नीट सांगायला हवं, कारण गंमत सगळी तिथेच आहे. पेटीच्या पट्ट्या डोळ्यांसमोर आणा. काळ्या-पांढऱ्या धरून बारा सूर आणि वरचा सा, असे तेरा. स्टुअर्ट यंत्रापाशी बसला आणि बाकीचे तिघे माइकसमोर उभे राहिले. एकेक सूर घेऊन तिघांनी 'आ' लावायचा, तो मुद्रित करायचा, पुन्हा लावायचा, असं सोळा वेळा. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस. एका सुरासाठी ४८ आवाज. असे तेरा सूर, म्हणजे ६२४. कॉम्प्युटर नाही, काही नाही. तीन बाप्ये आणि एक माइक. हे काम तीन आठवडे चाललं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरचे त्यांना काय म्हणत असतील, हा विचार माझ्या मनात येतोच.

मग प्रत्येक सुराच्या फितीचा तुकडा टोकाला टोक जोडून गोल केला, लांबलचक, माइकच्या स्टँडला वळसा घालून यंत्रातून फिरत राहील असा. आता तो 'आ' कधी संपतच नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, फितीला नाही. हे फिरते सूर सोळा पट्ट्यांच्या टेपवर एकेका पट्टीत उतरवले, आणि समोरच्या मिक्सरवर प्रत्येक सुरासाठी एकेक सरकपट्टी आली. वर सरकवली की तो सूर उमलायचा, खाली आणली की विरायचा. चौघे जण मिक्सरला खेटून उभे, प्रत्येकाच्या वाट्याला काही पट्ट्या, आणि गाणं पुढे जाईल तसे हे ठरलेले सूर वर-खाली करतायत. मिक्सरच त्यांनी पेटीसारखा वाजवला.

आणि एक बारीकशी गोष्ट. त्या सरकपट्ट्या अगदी तळापर्यंत जाऊ नयेत म्हणून त्यांनी खाली चिकटपट्टी लावून ठेवली. म्हणजे कुठलाच सूर पूर्ण बंद होत नाही. गाणाऱ्याला लागणारे तीन-चार सूर मोठे, बाकी सगळे मागे अगदी पुसट, धुक्यासारखे, गाणंभर. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ते लगेच जाणवतं, फक्त इथे एक सा-प नाही, सगळंच्या सगळं सप्तक एकदम श्वास घेत बसलं आहे.

माझ्या मते गाण्याचा जीव त्या चिकटपट्टीत आहे. पुढे उभा राहून माणूस सांगतोय, नाही, तसं काही नाही. आणि मागे सहाशे चोवीस आवाजांना पूर्ण गप्प बसताच येत नाहीये.

माझी एक मैत्रीण मात्र या गाण्यावर कायम भडकलेली असायची. "प्रेम कसलं यात? सरळ टोलवाटोलवी आहे. असा एक मुलगा मी ओळखते." तिचं निम्मं बरोबर आहे. ते शब्द कागदावर लिहून वाचले तर माणूस आगाऊ आणि कोडगा वाटतो. असल्याला दोन ओळींची चिठ्ठी लिहून मोकळं व्हावं. पण तेच शब्द त्या आवाजांवर ठेवले की त्याचं प्रत्येक वाक्य उघडं पडतं. मी तिला हे समजावायला गेले तर ती म्हणाली, "तुला त्याची बाजू घ्यायची असेल तर घे, पण त्याला माझा नंबर देऊ नकोस."

कुजबुजणाऱ्या बाईचीही गोष्ट आहे, आणि ती सगळ्यात साधी आहे. गाण्याच्या मध्यात काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात स्टुडिओत काम करणारी कॅथी रेडफर्न दार हळूच उघडून आत डोकावली आणि मुद्रण चालू असेल म्हणून दबक्या आवाजात म्हणाली, एरिक, तुझा फोन आलाय. क्रीम उडालाच. हाच आवाज! तिला वाटलं चेष्टा चालली आहे. माइकसमोर यायला ती तयार नव्हती. आणलीच शेवटी. फोन आल्याचं सांगायला आलेली मुलगी गाण्यात जाऊन बसली. ज्या गाण्यात 'मी फोन केला तर त्याचं काही मनावर घेऊ नकोस' असं म्हटलंय, त्या गाण्यात. (तो फोन कोणाचा होता, हे विचारायचं नेहमी माझ्या तोंडावर येतं.)

ढोलाचा ठोका वाटतो तोही ढोल नाही. गॉडलीने 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्यावर, काढलेली ती धडधड आहे, छातीला कान लावल्यावर ऐकू येते तशी. ड्रम नाहीतच. रॉकवाल्यांच्या गाण्यात ड्रम नाहीत, म्हणजे वऱ्हाडात बँड नाही.

१९७५ च्या जूनअखेरीस गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. अमेरिकेत त्याच उन्हाळ्यात ते तीन आठवडे दुसऱ्या नंबरावर अडकलं, आणि तिन्ही आठवडे वरचं गाणं वेगळं होतं. पहिलं येऊन गेलं, दुसरं येऊन गेलं, तिसरं आलं, हे आपलं दारात उभं. इतका वेळ दुसऱ्या नंबरावर थांबून कोणालाही धक्का न मारणं मला त्या गाण्याच्या स्वभावाला धरूनच वाटतं. पुढल्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बाहेर पडले. चौघांचं ते घर मोडलं. स्ट्रॉबेरी स्टुडिओही १९९३ मध्ये बंद झाला.

असल्या गाण्यांना 'सॉफ्ट रॉक' म्हणतात. आता हा शब्दच जरा पंचाईतीचा आहे. मिसळीच्या दुकानात जाऊन 'कमी तिखट' मागितल्यासारखा. कॉलेजात आमच्यातला एक मुलगा कवट्यांचे काळे टीशर्ट घालायचा आणि ज्यात कोणी किंचाळत नाही ते संगीतच नाही, असं त्याचं मत होतं. माळशेजच्या ट्रिपहून परतताना रात्री बसमध्ये सगळे पेंगुळले होते. त्याच्या वॉकमनची एक कानगोळी माझ्याकडे होती, कारण माझे सेल संपले होते. त्याची किंचाळणारी कॅसेट संपली, त्याने बॅगेच्या तळातून दुसरी काढून लावली, आणि थोड्या वेळाने तेच. तोच 'आ'. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघत म्हणाला, "बहिणीची कॅसेट आहे. चुकून आली." त्याला बहीण नव्हती, हे मला पुढच्या वर्षी त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

या गाण्याचे चाहते मला बहुतेक असेच भेटले आहेत. 'हॉटेल कॅलिफोर्निया'वाले कोणत्याही पार्टीत गिटार हिसकावून घेतात, ठासून सांगतात की जगातलं एक नंबरचं गाणं. यांचं तसं नाही. हे सांगतात, 'हं, ते एक बरं आहे.' मग तुम्ही विषय बदललात तरी पाच मिनिटांनी परत तिथे येतात. चांगला हेडफोन घेतला की दुकानात पहिलं हेच लावून बघतात, 'टेस्टिंगला'. २०१४ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' हा सिनेमा आला. त्यात सुरुवातीलाच एक लहान मुलगा हॉस्पिटलात आईच्या खोलीबाहेर वॉकमन लावून हे गाणं ऐकत बसलेला असतो, आत त्याची आई शेवटच्या घटका मोजत असते. रडायचं नाही असं ठरवलेल्या मुलासाठी गाणं निवडलं ते नेमकं हे. माझ्या मुलाने ते तिथे पहिल्यांदा ऐकलं, घरी येऊन डाऊनलोड केलं, आणि मी विचारलं तर म्हणाला, "चिल गाणं आहे, बाकी काही नाही." आमच्या घराण्यातलाच.

पण मामाच्या भिंतीचं सांगायचं राहिलं.

डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत पश्चिमेच्या भिंतीला ओल यायची. दर पावसाळ्यात पोपडे सुटायचे, हिरवट-तपकिरी नकाशा उमटायचा. त्यावर मामाने माथेरानचा फोटो लावला होता. मामी घोड्यावर, पदर खोचलेला, चेहऱ्यावर आता पडते की मग अशी भीती. ओल दरवर्षी थोडी सरकायची आणि मामा खिळा काढून फोटोही सरकवायचा. मी एकदा विचारलं, "हाच का?" तर म्हणाला, "मापात बसतो." भिंतीवर तेव्हा कालनिर्णय होतं, आरसा होता, कंपनीने दिलेलं भलंमोठं घड्याळ होतं. सगळी मापं त्याच्याहून बरी होती. पुढे सोसायटीने गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, भिंत खरवडून पुट्टी मारून रंगवली, आणि आज ती भिंत खडखडीत कोरडी आहे. रंगाऱ्याने उतरवलेल्या वस्तूंपैकी घड्याळ माळ्यावर गेलं ते गेलंच. फोटो परत त्याच जागी आला. मी काही विचारलं नाही. उगाच त्याला उत्तर शोधायला लावायचं.

परवाच्या दिवाळीत फराळ घेऊन गेले होते. मामा आता शहात्तरचा आहे, कानाने थोडा कमी. कॅसेट कधीच चिकटून गेली, टेपरेकॉर्डर भंगारात. मामेभावाने आणलेला छोटा स्पीकर होता, फोनवरून मी ते गाणं लावलं. आधी ती धडधड, मग तो सहाशे जणांचा धुकट 'आ'. मामाने चकलीचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. हातातच धरून बसला.

गाणं निम्म्यावर आलं. सूर मंद झाले. ती कुजबुजायला लागली. आणि मामा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. उजवा हात पुढे केलेला, अंगठा आणि दोन बोटं कॅसेट धरायच्या बेताने. चाळीस वर्षांपूर्वी जिथे टेपरेकॉर्डर असे त्या कोपऱ्याकडे तो दोन पावलं गेलादेखील. तिथे आता पाण्याचा फिल्टर आहे.

मागे गाणं चालूच राहिलं. तो माणूस परत आला आणि परत तेच म्हणायला लागला, मी प्रेमात नाही.

"पुढे आहे होय अजून?" मामा म्हणाला. तो तसाच फिल्टरपाशी उभा राहिला. शेवटी लहान मुलांच्या खेळण्यातल्या पेटीसारखे किणकिणते सूर येतात, तेही विरेपर्यंत. मग येऊन बसला. "उगाच लांबवलंय."

मामी आतून हात पुसत आली. आधी स्पीकरकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आज बाजू नाही उलटलीत ती?"

मामाने मघाचा चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "काही नाही गं. हिनेच लावलं होतं काहीतरी."